शंकेचा ट्रे

पाण्याच्या ग्लासात एक काळा ठिपका तरंगत होता. तो माझाच आहे असं समजून मी पाणी प्यायले, आणि जिभेवर काहीतरी वळवळलं. रुमालात थुंकले तर मुंगी निघाली, अर्धी जिवंत. बसथांब्यासमोरचा चहावाला हे बघत होता. "मुंगी पोटात गेली की नजर तेज होते म्हणतात, बाई," तो म्हणाला, आणि दुसरा ग्लास विसळून पुढे केला. मीही हसले. बाकावर बसले. रविवारची सकाळ होती, रस्त्यावर धूळ आणि ऊन दोन्ही एकाच रंगाची झाली होती. समोरच्या भिंतीवर नवा चुना मारलेला होता आणि त्या पांढऱ्यावर माझा ठिपका, खरोखरचा माझा, नजर जाईल तिकडे मागोमाग सरकत होता. तो आणि मुंगी, दोघांत मला फरक करता आला नव्हता. एका ग्लासात आला नाही, तर कितींत आला नसेल?

ठिपका माझा म्हणजे काय, ते सांगायला आधी कामाबद्दल सांगावं लागेल. मी लस बनवणाऱ्या कारखान्यात बाटल्या बघते. बघणं हेच काम. नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी जवळ बसवते आणि सांगते, बाटली मानेला धर, काचेच्या पोटाला बोटं लावू नकोस. हलकेच फिरव, आत भोवरा झाला पाहिजे पण बुडबुडा उठता कामा नये. पांढऱ्या पाटीसमोर पाच आकडे मोज, मग काळ्या पाटीसमोर पाच. पांढऱ्यावर काळं दिसतं, काळ्यावर पांढरं. काचेचा कण खाली बसतो, धागा मध्येच रेंगाळतो, बुडबुडा वर निघून जातो. घाई झाली तरी चार मोजून पाच म्हणायचं नाही. मुली हसतात. पण महिनाभराने त्यांचीही बोटं आपोआप फिरायला लागतात, घरी तेलाची बाटली हातात आली तरी त्या उजेडात धरून बघतात आणि सासूची बोलणी खातात. अशा पाच मुली माझ्या हाताखाली आहेत. प्रत्येकीच्या उजवीकडे चांगल्या बाटल्यांचा ट्रे, डावीकडे फेकायच्या बाटल्यांचा, आणि मध्ये एक छोटा पिवळा. तो शंकेचा ट्रे. तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. सुरुवातीला मुली घाबरून निम्म्या बाटल्या फेकून द्यायच्या, म्हणून मीच तो सुचवला आणि पुढे तो नियमात गेला. जिची खात्री होत नाही ती बाटली पिवळ्या ट्रेत जाते, पिवळा ट्रे माझ्याकडे येतो. मी 'ठीक' म्हटलं की ती बाटली परत चांगल्यांत जाऊन बसते, रिकाम्या खाचेत, इतर बाटल्यांसारखीच. मग ती कुठली होती हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

बुधवारी सकाळी बाटलीमागून बाटली खराब निघू लागली. प्रत्येकीत डावीकडे वर, एक काळसर कण. फेकत गेले. मग कधीतरी हात रिकामा असताना पांढऱ्या पाटीकडे नजर गेली आणि कण तिथेही होता. शुक्रवारी संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घातले, दिवा मारला, खुर्ची मागे सरकवली. "वय झालं की येतात असे. डोळ्याच्या आतच तरंगतो तो. पडदा शाबूत आहे, काळजी करू नका. चार-सहा महिन्यांत मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल, आणि मग तो असून नसल्यासारखा." त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं होतं. मी कुठे काम करते ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चार-सहा महिने कसले, माझा मेंदू दोन दिवसांत शिकला होता. आपला ठिपका नजरेबरोबर जातो, बाटलीतला कण पाण्याबरोबर. एवढा फरक मला कळतो असं मी स्वतःला बजावलं होतं आणि दिसलेल्यातून माझा ठिपका वजा करत होते. नियम साधा आहे, डोळ्याला काहीही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. तो नियम पाठ करून घेणारी मीच. पण सांगितलं की खुर्ची जाणार होती. तेरा वर्षं त्या खुर्चीत बसले होते. पहिलं वर्ष तर आम्ही बाटल्यांत नुसतं पाणी भरत होतो आणि नुसतं पाणी तपासत होतो, कारण यंत्रं, हवा, आमचे हात, सगळं आधी विश्वासाचं व्हायला हवं होतं. तेव्हा बसमध्ये ओळखीचा वाहक विचारायचा, "काय बाई, आज किती पाणी पाजलंत देशाला?" सगळी बस हसायची. लोकांचं म्हणणं सरळ होतं, ज्यांना नळाला पाणी आणता येत नाही ते लस काय करणार. मग यंत्रं बदलली, माणसं शिकली, काही सोडून गेली, आणि या वर्षी पहिल्यांदा बाहेरून न आलेली, इथेच वाढवलेली, इथेच भरलेली मेंदूज्वरावरची लस तयार झाली. छत्तीस हजार बाटल्या. एका बाटलीत दहा मुलांची लस. सोमवार ते शनिवार आम्ही त्या तपासल्या. येत्या सोमवारी सकाळी लेबलं लागणार होती आणि संध्याकाळी गाड्या पठाराकडे, जिथे ही साथ येते तिकडे, निघणार होत्या. लेबलं लावायच्या यंत्रात ट्रे रिकामे होतात आणि ट्रेवरच्या दिवस-वेळेच्या चिठ्ठ्या निघून जातात; त्यानंतर बुधवारची बाटली आणि मंगळवारची बाटली यांत फरक उरत नाही. म्हणजे माझ्याकडे एक रविवार होता, आणि त्यातले दोन तास बाकावर बसण्यातच गेले.

धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलेलं होतं, म्हणून पाय तिकडे वळले. ती शाळेचे गणवेश शिवते. दोन खोल्या, त्यातली एक कपड्याच्या गठ्ठ्यांनी भरलेली, खिडकीत शिलाई मशीन. मी आत शिरले तर मशीन चालूच. मी हाक मारली नाही, कारण दाराची बाजू तिच्या डाव्या कानाची आहे आणि तो कान चौथ्या वर्षीच गेला. पुढे जाऊन समोर उभी राहिले.

"ऐकू येणाऱ्या बाजूला बस," ती म्हणाली. "गुपित असेल तर मात्र डावीकडेच बस."

मी मुंगीचं सांगितलं. ती दोरा दातात धरून हसली. "शाकाहारी बाई तू, एवढ्या वर्षांचं पुण्य एका घोटात घालवलंस." मग मी उरलेलं सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"म्हणजे गाड्या थांबणार."

"सांगितलं तर."

"किती दिवस?"

"आठवडा तरी. पठाराची थंड गाडी आठवड्यातून एकदाच जाते."

"आणि तिकडे साथ सुरू झालीय का?"

"झालीय. परवा रेडिओवर सांगत होते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्या डाव्या कानाकडे बघत राहिले, केसांआड असलेल्या, दिसायला अगदी धडधाकट कानाकडे. आमच्या लहानपणी ही लस भुकटीची असायची, बोटीने यायची, आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत ज्यांना लवकर हवी होती त्या सगळ्यांची सोय झालेली असायची. बाटली फोडून पाणी घातलं की ती त्याच दिवशी संपवावी लागे. म्हणून दहा मुलं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही अशी पद्धत होती. शाळेच्या ओसरीवर परिचारिका डबा मांडीवर घेऊन बसली होती, दुपार होत आली होती, आणि आम्ही नऊ जण होतो. त्या नवांत मी आणि धाकटी. आई घरोघर फिरून आली, एका बाईचं तान्हं उसनं मागत होती. ती परिचारिका म्हणाली, "इतक्या लहानाला चालत नाही, वहिनी. माझ्याकडे चार वस्त्या आणि सहा बाटल्या आहेत. मंगळवारी नक्की येते, एक मूल शोधून ठेवा." तिने डब्याचं झाकण लावलं, पट्टा खांद्यावर घेतला. धाकटीला शनिवारी ताप भरला. त्यानंतर आमच्या घरात त्या बाईला नाव नव्हतं, ती नऊवाली होती. कुणी हट्टीपणा केला, कुणी नियमावर बोट ठेवलं की आई म्हणायची, नऊवाली झाली बघा. मी मोठी झाले, कारखान्यात लागले, थंड डब्यांचं, वाया जाणाऱ्या मात्रांचं सगळं शिकले, तरी त्या बाईला माफ करणं काही जमलं नाही. एक मात्रा वाया गेली असती. एक. आणि आता मी धाकटीच्या समोर बसून तिला सांगत होते की छत्तीस हजार बाटल्यांच्या डब्याचं झाकण मी लावू का.

"तू सांग," मी म्हणाले.

"मी नाही सांगणार. माझ्याकडून उत्तर घेऊन जाशील आणि जन्मभर म्हणशील, धाकटीने सांगितलं म्हणून केलं. लहानपणी दूध सांडलं तरी तू हेच करायचीस, ताई."

"मी तुझ्यामुळेच घाबरतेय."

"माझ्यामुळे घाबरू नकोस. माझा कान गेला तो गेला, तो तुझ्या प्रत्येक कामात घेऊन फिरतेस." तिने चाकावर हात ठेवला. "जेवून जा म्हणाले असते, पण तुझ्या घशाखाली उतरणार नाही."

कारखान्याचा रस्ता पाऊण तासाचा आहे. बस सोडून चालत निघाले, म्हणजे विचार करायला जागा मिळेल. पण विचार असा केला नाहीच, वकिलासारखी स्वतःचीच बाजू मांडत गेले. प्रयोगशाळेने नमुने काढून तपासले होते, ते चांगले निघाले होते. बहुतेक कण निरुपद्रवी असतात, बुचाचा एखादा कपचा, कापडाचा एखादा धागा. आणि बाटल्या वाईट आहेत हे तरी कुठे ठरलंय, कदाचित माझी वजाबाकी बरोबरच असेल. उलट गाड्या थांबल्या तर पठारावर काय होईल ते ठरलेलं आहे, त्यात 'कदाचित' नाही. तिथे धुळीच्या महिन्यांत मुलांच्या माना ताठ होतात, जी वाचतात त्यांतली काही आईची हाक ऐकू न येता मोठी होतात. हे सगळं खरं होतं. इतकं खरं की त्यामागे लपता येत होतं. पण त्याच पठारावर एखादी परिचारिका सुई भरण्याआधी बाटली उजेडात धरेल. आम्हीच त्यांना तसं शिकवलंय. तिला आत काहीतरी फिरताना दिसलं तर ती कुणाला विचारेल? तिच्याकडे पिवळा ट्रे नाही. ती बाटली बाजूला ठेवेल, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाया एकमेकींना सांगतील की आपल्याकडची लस ही अशी. पुढच्या वर्षी त्या रांगेत येणार नाहीत. मला एकदम वाटलं, नऊवालीनेसुद्धा रस्त्याने जाताना असाच हिशेब घातला असेल, पुढच्या वस्तीवरच्या मुलांचा, ज्यांचे चेहरे तिला दिसत होते आणि आम्हाला दिसत नव्हते. ती घरी जाऊन जेवली असेल का? एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. माफ करावंसं वगैरे काही वाटलं नाही, नुसता प्रश्न पडला, आणि तोवर फाटक आलं.

गुणवत्ता विभागाच्या मॅडम वर होत्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, परदेशात शिकून परत आलेल्या. रविवार असल्याने पायात घरच्या चपला, टेबलावर कागदांचे गठ्ठे, प्रत्येकावर सही करायची जागा पेन्सिलीने खुणावलेली.

"बाई, तुम्ही? रविवारी घरी करमत नाही वाटतं."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर कमी सांगितलं असतं. त्या ऐकत होत्या, पेनाचं टोपण लावत आणि काढत.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"मला आत्ता वाटतेय," त्या म्हणाल्या. उठून खिडकी बंद केली, परत बसल्या. "तुम्ही मुलींना नियम शिकवता, आणि तुम्हीच... जाऊ दे. ओरडायला नंतर वेळ आहे. किती वाचवता येतं ते बघू. हे कधीपासून? जिथून सुरू झालं तिथून पुढचं सगळं परत तपासायचं, परत नमुने, परत दोन दिवस प्रयोगशाळा. ते या गाडीत जाणार नाही. त्याआधीचं जाईल. म्हणून नीट आठवा. गुरुवार ना?"

त्यांचा आवाज सरळ होता, पण पेन कागदावर टेकलेलं होतं आणि त्यांना गुरुवार हवा होता. मलाही. गुरुवार म्हटलं की अठरा हजार बाटल्या मोकळ्या. आणि मला गुरुवारच आठवत होता. गुरुवारी सकाळी मी ठरवून, समजून, पहिल्यांदा ठिपका वजा केला होता. बुधवारी मी नुसत्या जास्त बाटल्या फेकल्या होत्या, त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं.

"शंकेची वही बघू या," मी म्हणाले.

वहीत प्रत्येक संशयित बाटलीची ओळ असते. वेळ, ट्रेचा आकडा, माझा निर्णय, माझी सही. बुधवारचं पान उघडलं. चहाच्या सुट्टीपर्यंत एकतीस बाटल्या, त्यांतल्या बावीस फेकलेल्या. सुट्टीनंतर अठ्ठावीस, त्यांतल्या फेकलेल्या तीन. मी दोनदा मोजलं. सही तीच होती, अक्षर तेच, उलट चहानंतरचं जरा जास्तच ठाम. मग मला चहाची खोली आठवली. आमच्यात एक तिखट नजरेची मुलगी आहे, तिला सगळ्या ससाणा म्हणतात. ती कप विसळताना म्हणाली होती, "बाई, आज तुमच्या हातून काही सुटत नाहीये. अशाने देशात एक बाटली उरायची नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले. मनात कुठेतरी काटा गेला, की म्हातारी झाले, हात जड झाला, मुलींना कळायला लागलं. आणि परत येऊन बसले ती बाटल्या सोडू लागले. ठिपका डोळ्यात आहे हे मला अजून माहीतही नव्हतं. तेव्हा मी वजाबाकी करत नव्हते. एका चेष्टेला घाबरून, दिसलेलं न दिसल्यासारखं करत होते. डोळ्याने दगा दिला असं आत्तापर्यंत धरून चालले होते. तो बिचारा दाखवत होता. हे बोलायला डोळ्याच्या तक्रारीपेक्षा जास्त वेळ लागला.

"बुधवार," मी म्हणाले. "चहानंतर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा तुम्हाला ठिपका कळला नव्हता म्हणालात."

"नव्हता कळला. तरी बाटल्या सोडल्या. ससाण्याने थट्टा केली म्हणून."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं, सगळं, थट्टेसकट, आणि कागद माझ्याकडे फिरवला. "तुम्हाला आता त्या खुर्चीवर बसता येणार नाही."

"माहीत आहे."

"मुलींना शिकवता येईल. ते मी बघते." मग त्यांनी कोट घेतला आणि दुसरा माझ्याकडे टाकला. "चला. सकाळी लेबलवाले यायच्या आत वेगळं करून ठेवू. मदतीला कुणी नाहीये."

थंड खोलीत श्वासाची वाफ होते आणि पंख्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागतं. उजव्या भिंतीला जायचं ते, डाव्या भिंतीला थांबायचं ते. सोमवार आणि मंगळवारचे साठ ट्रे उजवीकडेच होते, त्यांना हात लावला नाही. बुधवारचे मी चिठ्ठी वाचून उचलत होते, मॅडम यादीत खूण करत होत्या. एक, दोन, तीन. भरलेला ट्रे दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि आतल्या दोनशे बाटल्या चालताना बारीक किणकिणतात. पंधरापर्यंत सगळे उजवीकडे गेले. सोळाव्याच्या चिठ्ठीवर वेळ होती तीन वाजून दहा ते चार वाजून पाच. चहा साडेतीनला होतो.

मॅडमनी वहीतल्या ओळी शोधल्या. "सोळातून तीन बाटल्या आल्या होत्या तुमच्याकडे. दोन चहाआधी, दोन्ही फेकल्यात. एक नंतर, ती ठीक म्हटलीत." त्यांनी बोटांवर फुंकर मारली. "एकच आहे, बाई. दोनशेत एक."

"कुठली, ते कळणार नाही."

"नाही कळणार." त्यांनी यादीच्या कडेला हिशेब केला. "दोन हजार मुलं होतात."

त्यांनी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. पेन यादीवर धरून उभ्या राहिल्या, गार पडलेल्या नाकाने, घरच्या चपलांत. त्या एका बाटलीचा मी विचार करून पाहिला. त्या दिवशी चहानंतर केव्हातरी ती माझ्या हातात होती, मी मनात पाच मोजले असतील, कदाचित चारच मोजले असतील. मग मी त्या दोन हजारांचा विचार करून पाहिला, आणि ते नऊ-नऊ करून ओसरीवर बसलेले दिसायला लागले, तेव्हा तो थांबवला.

ट्रे उचलला आणि डाव्या भिंतीला नेऊन ठेवला.

मॅडमनी खूण केली. "पुढचा."

"सतरा," मी म्हणाले.